मुदत न लिहिलेलं वचन

१९८९ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. तेव्हा मी धारणीला बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. अमरावतीहून परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असं करत एस. टी. धारणीला पोचायची, तेव्हा अंगातली हाडं एकेक मोजून घेता यायची. बदलीचा हुकूम हातात पडला त्या दिवशी आमच्या घरी कुणी धड जेवलं नव्हतं. पण माणूस कुठंही रुळतो, तसा मीही रुळलो. बाजारात खंडवा-बऱ्हाणपूरकडची हिंदी, शाखेत मराठी आणि काउंटरपलीकडे कोरकू, अशा तीन भाषांत दिवस जायचा.

एका सकाळी टपाल फोडताना एका पाकिटावर नवं तिकीट दिसलं. पंडिता रमाबाईंचं. डाक खात्यानं त्याच ऑक्टोबरात ते काढलं होतं. पेन्शनसाठी आलेले एक वृद्ध गुरुजी माझ्यासमोर बसले होते. कोरकू, धर्मानं ख्रिस्ती, लहानपणी मिशनच्या शाळेत शिकलेले आणि पुढं सरकारी शाळेत शिकवून निवृत्त झालेले. तिकीट पाहून ते एकदम सावरून बसले आणि ते मला मिळेल का, असं संकोचत विचारलं. मी पाकिटाचा कोपरा कापून दिला. पुढच्या महिन्यात पेन्शन घ्यायला आले तेव्हा त्यांनी एक जीर्ण पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवली. रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली त्यांची साक्ष. तिच्या शीर्षकात कधीही न संपणाऱ्या ठेव्याचा उल्लेख आहे. बँकवाल्याला ठेव म्हटलं की आधी मुदत आणि व्याजाचा दरच आठवतो. मी हसलो. गुरुजी हसले नाहीत.

रमाबाई आणि आमचं मेळघाट यांचा तसा थेट संबंध नाही. एक आडवळणाचा धागा मात्र आहे. अल्बर्ट नॉर्टन नावाचे अमेरिकन मिशनरी एकोणिसाव्या शतकात एलिचपूरच्या बाजूला, म्हणजे आजच्या अचलपूरकडे, कोरकूंमध्ये काम करत होते. हेच नॉर्टन पुढं रमाबाईंच्या हाकेवरून दौंडला गेले आणि तिथं त्यांनी अनाथ मुलांसाठी आश्रम काढला. केडगावला मुली, दौंडला मुलं. पण गुरुजींनी मला पुस्तिका दिली ती या धाग्यासाठी नव्हे. कशासाठी, ते पुढं येईलच.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे गाढे विद्वान. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करलेले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेला निघालं. वेताच्या पेटाऱ्यात घातलेलं ते मूल एका माणसाच्या डोक्यावरून डोंगर उतरलं आणि पुढची सोळा वर्षं चालतच राहिलं. देवळात बसून पुराण सांगायचं, ऐकणारे जे ठेवतील ते घ्यायचं, आपल्यापुरतं राखून बाकीचं दान करायचं. भीक मागायची नाही, मजुरी करायची नाही.

मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. या दिवसांबद्दल रमाबाईंनी जे लिहिलंय ते मी धारणीच्या माझ्या खोलीत कंदिलाच्या उजेडात वाचलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही. शास्त्रीबुवांची श्रद्धा कच्ची नव्हती. उलट ती फार पक्की होती. अमुक दान केलं, अमुक व्रत केलं, अमुक तीर्थात स्नान केलं की देवता द्रव्य देते, असं ग्रंथात लिहिलेलं. तेव्हा त्यांनी होते नव्हते ते पैसे ब्राह्मणांना दिले, दागिने विकले, भांडी विकली, अनुष्ठानं केली. अट पुरी झाली होती. आता देण्याची पाळी देवाची होती. शेवटचे तांदूळ संपले तेव्हा ते पाचजण तिरुपतीच्या रानात गेले. अकरा दिवस आणि अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर. शास्त्रीबुवांनी पवित्र कुंडात देह टाकायचं ठरवलं. तेव्हा मुलगा श्रीनिवास उठला आणि मी मजुरी करतो, म्हणाला. वडिलांना शक्ती उरली नव्हती. ते गेले. थोड्याच दिवसांत आई गेली. तिला न्यायला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत म्हणून रमानंही तिरडीला हात दिला, आणि उंची कमी पडली म्हणून तिरडीची ती बाजू डोक्यावर घेतली. पुढं थोरली बहीणही गेली.

राहिली ती दोन भावंडं. त्यांनी काश्मीरपर्यंतचा देश पायी तुडवला. थंडीला पांघरूण नाही म्हणून नदीकाठच्या वाळूत दोन खड्डे खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून ती रात्र काढायची. या चालण्यात कुठंतरी त्यांच्या मनातला तो जुना हिशेब बंद पडला. आम्ही आमची बाजू पूर्ण केली होती, समोरून काही आलं नाही, हे त्या दोघांनी एकमेकांजवळ कबूल केलं.

इथं मला माझ्या आईबद्दल सांगितलं पाहिजे. वडील आजारी होते तेव्हा आईनं अमरावतीच्या अंबादेवीला नवस बोलला होता. मी तेव्हा कॉलेजात. नवसाची भाषा आपल्या मराठीत थेट व्यवहाराची आहे, हे बँकेत गेल्यावर माझ्या लक्षात आलं. कर्ज फेडतात, नवसही फेडतात. रक्कम पावते म्हणून पावती, आणि देवही पावतो. वडील वाचले नाहीत. तेराव्यानंतर आईनं देव्हाऱ्यात पुन्हा दिवा लावला तेव्हा मी तिच्यावर चिडलो. कशासाठी, असं विचारलं. तिनं उत्तर दिलं नाही. पुढं ती बावीस वर्षं जगली. दिवा रोज लावला, पण काही मागितल्याचं मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. रमाबाईंची साक्ष वाचताना मला सारखी आई आठवत होती, आणि तिनं काय केलं याचा उलगडा काही होत नव्हता.

असो. १८७८ साली ही भावंडं कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी दास मेधावी या वकिलाशी, जातीबाहेर, त्यांनी लग्न केलं. मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. वय चोवीसही पुरं नव्हतं. पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढं साक्ष दिली आणि १८८३ मध्ये छोट्या मुलीला घेऊन इंग्लंडची बोट पकडली. जाण्याचा हेतू डॉक्टर होण्याचा होता. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी यायचं, त्यामुळं वैद्यकीचं शिक्षण शक्य नाही असं ठरलं. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच बंद झालं.

वाँटेजच्या ज्या जोगिणींकडं त्या उतरल्या होत्या, त्यांचं लंडनजवळ फुलहॅमला एक काम होतं. समाजानं टाकलेल्या बायकांना तिथं आसरा होता. बाईची चूक झाली की तिला कायमचं बाहेर, हे रमाबाई जन्मभर पाहत आल्या होत्या. इथं त्याच बाईला जवळ घेणारी माणसं होती. त्यांनी कारण विचारलं, आणि उत्तरादाखल त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट मिळाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला.

आपल्याकडं इथून पुढचं चरित्र दोन तऱ्हांनी सांगतात. टीकाकार म्हणतात, बाई बाटली आणि संपलं. भक्त म्हणतात, बाईला प्रकाश दिसला आणि संपलं. खरं तर इथं काहीच संपलं नव्हतं. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वर्षानुवर्षं भांडत राहिल्या. त्रैक्याचा सिद्धांत का मानायचा? चर्च सांगतं म्हणून का? एका पुरोहितशाहीतून सुटून मी दुसरीत आले नाही, असा त्यांचा सूर. सिस्टर दुखावल्या जायच्या. त्यांचीही एक अपेक्षा होती ना, की वाचवलेलं माणूस जरा नम्र असावं! चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात रमाबाई शिकल्या, १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बॉस्टनमध्ये त्यांच्या नावानं संस्था उभी राहिली आणि तिनं दहा वर्षं पैसा पुरवण्याचं कबूल केलं. ११ मार्च १८८९ ला मुंबईत चौपाटीला शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं.

आणि मग १८९१ च्या सुमारास, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाल्यावर, विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्र्याचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. हा पाद्री वर्षानुवर्षं प्रवचन करत होता आणि एक दिवस त्याला कळलं की आपल्याजवळ धर्म आहे, पण ज्याच्यासाठी धर्म तो नाही. रमाबाईंनी स्वतःला तपासलं आणि हेच आपल्यालाही लागू आहे, असं निर्भीडपणे लिहून ठेवलं. मला त्यांच्या सबंध आयुष्यातला हा सगळ्यात धाडसाचा क्षण वाटतो. ज्या धर्मासाठी घर, गाव, मित्र गमावले, त्यात आठ वर्षं काढल्यावर मी अजून दारातच उभी आहे, असं कबूल करायचं. तेही ज्यांना बोट दाखवायला निमित्तच हवं होतं, अशा पुण्यात बसून.

त्याच सुमारास त्यांनी जॉर्ज म्यूलरचं चरित्र वाचलं. ब्रिस्टलमध्ये म्यूलरनं हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि माणसांपुढं हात न पसरता केवळ प्रार्थनेवर संस्था चालवली, अशी त्याची ख्याती होती. हिंदुस्थानात हे घडेल का, असा प्रश्न रमाबाईंना पडला. तिरुपतीच्या रानात अकरा दिवस देवाची वाट पाहिलेल्या बाईनं हा प्रश्न विचारला, हे ध्यानात घेतलं पाहिजे. वडिलांनीही देवावरच भरवसा टाकला होता. मग फरक काय?

फरक मला दिसतो तो असा. वडिलांच्या मनात देवाच्या वचनाचा तपशील आधीच भरलेला होता. काय मिळणार, कशाच्या बदल्यात मिळणार, कधी मिळणार. आमच्याकडं कर्जदाराकडून वचनचिठ्ठी लिहून घेतात. तिच्यात रकमेची आणि तारखेची जागा कोरी राहिली, तर ती भरण्याचा मोह कुणालाही होईल. देवाच्या वचनाचंही तसंच होतं. ते मुदतीशिवाय दिलेलं असतं, आणि तारीख आपण आपल्या हातानं घालतो. तारीख उलटली की चिठ्ठी खोटी म्हणून फाडतो. रमाबाईंचं पुढचं सगळं आयुष्य मला या तारखा खोडण्याचं आयुष्य वाटतं. त्यांना ते नेहमी जमलं असं मात्र नाही.

कारण मागायच्या त्याही, आणि अगदी आकड्यात मागायच्या. १८९६ च्या सुमारास लोणावळ्याला ख्रिस्ती मंडळींचं शिबिर भरलं होतं. सदनातल्या पंधराएक मुली ख्रिस्ताकडं वळल्या होत्या. पहाटे रानात एकट्या बसून रमाबाईंनी मागितलं, की पुढच्या शिबिरापर्यंत या पंधराचा वर्ग होऊ दे. पंधरा पंधरं दोनशे पंचवीस! सदनात एवढ्या मुलीच नव्हत्या. त्याच वर्षी मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या वाचून रमाबाईंना स्वतःचे बावीस वर्षांपूर्वीचे दिवस आठवले आणि हातात पैसा नसताना त्या निघाल्या. नर्मदेच्या, बैतूलच्या, निमाडच्या मुलखात, म्हणजे धारणीवरून तापी ओलांडली की सुरू होणाऱ्या प्रदेशात, तेव्हा माणसं कशी मेली असतील याची मला कल्पना आहे. मेळघाटातले म्हातारे छप्पनच्या, म्हणजे १८९९-१९०० च्या, दुष्काळाबद्दल वाडवडिलांकडून ऐकलेलं सांगत. त्यात धान्याचा उल्लेख नसायचाच, कंदमुळांचा असायचा. रमाबाईंनी काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली आणि बायका आणल्या. पुण्यात प्लेग, सरकारी निर्बंध. म्हणून केडगावच्या माळावर गवताच्या झोपड्या घातल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

म्हणजे मागितलेला आकडा मिळाला. पण कसा मिळाला? दुष्काळाच्या वाटेनं. इथं माझी गाडी अडते. भक्तमंडळी याला प्रार्थनेचं उत्तर म्हणतात. मला विचारावंसं वाटतं, की ज्यांना कुणी आणायला गेलं नाही त्या मुलींच्या आयांनीही काही मागितलं असेल, त्याचं काय? पुण्यातल्या लोकांनी तेव्हा दुसराच आक्षेप घेतला, की बाई भुकेचा फायदा घेऊन धर्म वाढवते. १८९३ मध्ये मुलींच्या ख्रिस्ती ओढ्यावरून रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते, तेव्हा संशय निराधार होता असंही म्हणवत नाही. पण टीका करणाऱ्यांतले किती जण गाडीत बसून मध्य प्रांतात गेले, हेही पाहिलं पाहिजे.

एक गोष्ट मात्र माझ्यातल्या बँकवाल्याला फार भावते. केडगावची जवळजवळ शंभर एकर जमीन रमाबाईंनी दुष्काळाआधीच घेऊन ठेवली होती. का? बॉस्टनची दहा वर्षांची हमी संपणार हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून फळबाग लावायची, तिच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. देव देईल यावर पूर्ण विश्वास, आणि तरी खड्डे खणून कलमं लावणं चालू. शास्त्रीबुवांच्या घरात मजुरी वर्ज्य होती, लेकीच्या घरी प्रत्येकीच्या हाताला काम होतं. विणकाम, तेलघाणा, गोठा, छापखाना. तिरुपतीच्या रानात श्रीनिवास मजुरीला उठला, त्या क्षणाची ही शेती होती, असं मला वाटतं.

१९०५ साली मुक्तीत मोठी धर्मजागृती झाली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं रडत, प्रार्थना करत. माझ्या स्वभावाला हे मानवणारं नाही, म्हणून मी त्यावर फार बोलत नाही. मला त्या काळातल्या दुसऱ्या रमाबाई जास्त दिसतात. हिब्रू आणि ग्रीक मुळांवरून बायबलचं सोपं मराठी करणाऱ्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून संस्कृत शब्द एकेक करून काढून टाकणाऱ्या. पंडिता ही पदवी संस्कृतानं मिळालेली, हे लक्षात घ्या. खिळे जुळवायला आणि छापायला केडगावच्याच मुली.

आणि मनोरमा. इंग्लंड-अमेरिकेत शिकलेली, मुंबई विद्यापीठाची पदवीधर, गुलबर्ग्याला शाळा काढणारी, आईचा उजवा हात. आपल्यानंतर हीच सगळं पाहील, हे रमाबाईंनी धरून ठेवलं होतं. कुठल्या आईनं धरलं नसतं? २४ जुलै १९२१ रोजी मिरजेच्या इस्पितळात मनोरमा गेली. वय चाळीस. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता लेक. त्या वेळी त्यांच्या मनात तिरुपतीचं रान पुन्हा उभं राहिलं असेल का, हे कोण सांगणार? दिसतं ते एवढंच, की त्यांनी पुन्हा मुद्रितं तपासायला घेतली. कान जवळजवळ गेलेले, शरीर थकलेलं. काम पुरं करण्यापुरते थोडे दिवस त्यांनी मागून घेतले आणि शेवटचं मुद्रित तपासून झालं त्याच रात्री त्या गेल्या, असं सांगतात. तारीख ५ एप्रिल १९२२. ते बायबल छापून पुरं झालं ते १९२४ साली.

आता गुरुजींबद्दल. त्यांनी आमच्या शाखेतून विहिरीसाठी कर्ज काढलं होतं. खडकात विहीर चाळीस फूट गेली आणि कोरडी निघाली. मेळघाटात हे नवं नव्हतं. अशा वेळी माणसं हप्ते थांबवायची, आणि मला त्यांना दोष देता यायचा नाही. गुरुजी मात्र दर महिन्याला पेन्शनमधून हप्ता कापून द्यायचे. विहिरीवर काम सुरू करताना त्यांनी घरच्यांना घेऊन प्रार्थना केली होती, हे मला माहीत होतं. पुस्तिका परत करताना मी धीर करून विचारलं, की मग देवाच्या अभिवचनाचं काय झालं? ख्रिस्ती मराठीत वचनाला अभिवचन म्हणतात, हा शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. ते बराच वेळ टेबलावरच्या शाईच्या डागाकडं पाहत राहिले. मग म्हणाले, की पाणी मी मागितलं होतं, त्यानं कबूल केलं नव्हतं. बँकेला पैसे देईन असं मात्र मी सही करून कबूल केलंय. एवढं बोलून त्यांनी विषय बदलला आणि पुस्तिका मला कशी वाटली ते विचारलं. माझ्या मनात आलं, की या माणसानं मला रमाबाई दिल्या त्या मी ख्रिस्ती व्हावं म्हणून नव्हे. त्यांना कुणाशी तरी त्या विहिरीबद्दल बोलायचं होतं.

१९९० च्या पावसाळ्याआधी माझी बदली झाली. तीनच वर्षांनी मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्यांनी वर्तमानपत्रं भरली, तेव्हा अमरावतीत बसून मी त्या गावांची नावं वाचत होतो आणि त्यातली अनेक कर्जखात्यांवरून ओळखत होतो. गुरुजींचं खातं मी निघायच्या आदल्या आठवड्यात बंद झालं. शेवटचा हप्ता भरून ते बेबाकीचा दाखला घ्यायला आले. मी सही करून शिक्का मारला. त्यांनी पिशवीतून बायबल काढलं. रमाबाईंचं तिकीट आत डकवलेलं होतं. दाखल्याची नीट चौपदरी घडी केली, तो एका पानात ठेवला, आणि पाऊस यायच्या आत घरी पोचायला हवं, म्हणून उठले.